सुई कुठं टोचायची हे सगळे सांगतात, कधी टोचायची हे कोण सांगणार?

थोडं मोठं लिहितोय. ज्यांच्या घरात कंबर, गुडघा किंवा डोकं दुखणारं माणूस आहे त्यांनी वेळ काढून वाचा. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. यंदा जानेवारीत आमच्या गावात एका मंगल कार्यालयात मोफत ॲक्युपंक्चर शिबिर झालं. त्याची बातमी मी लिहिली. "शिबिराचा दीडशे रुग्णांनी लाभ घेतला. कंबरदुखी, गुडघेदुखी, मधुमेह, पक्षाघात, बहिरेपणा आदी विकारांवर विनाऔषध उपचार करण्यात आले." खाली प्रास्ताविक कुणी केलं, आभार कुणी मानले, फोटोत डावीकडून कोण कोण. वीस वर्षं या धंद्यात आहे, अशा बातम्या डोळे मिटून लिहिता येतात. लिहिलीही तशीच. लाभ झाला म्हणजे नक्की काय झालं, हे मी एकालाही विचारलं नाही.

त्या दीडशेमध्ये माझे एक मामा होते. सख्खे नव्हेत, आईच्या चुलत्याचे चिरंजीव. वय बासष्ट. दिवाळीपासून पाठ धरलेली. गावातल्या एका दवाखान्यात दोन महिने दुखण्याच्या गोळ्या आणि अधूनमधून इंजेक्शन. गोळी घेतली की बरं, उतरली की परत तेच. पेपरात माझ्या नावाची बातमी वाचून त्यांनी पुढच्या सीटिंग सुरू केल्या. "भाच्यानं लिहिलंय म्हटल्यावर खोटं कसं असंल," हे त्यांनी नंतर मला सांगितलं. हे वाक्य अजून कानात आहे.

शिबिर मोफत होतं, पुढची सीटिंग तीनशे रुपयाला. मामांनी सोळा घेतल्या. म्हणजे चार हजार आठशे रुपये, वर प्रत्येक वेळी एसटीचं भाडं आणि शेतातला अर्धा दिवस. सुई टोचली की चार दिवस बरं वाटायचं. मग परत. मधल्या काळात वजन उतरत गेलं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. रात्री दुखण्यानं झोप मोडायची. एप्रिलच्या शेवटी पायात जोर राहिना, तेव्हा मुलानं जिल्ह्याला नेलं. एमआरआय झाला. मणक्याचा टीबी निघाला.

आता इथं थांबा. "बघा, आम्ही म्हणत होतोच, ॲक्युपंक्चर थोतांड आहे," असं लिहायला कुणी सरसावलं असेल तर जरा दम धरा. आणि "एका माणसावरून हजारो वर्षांच्या शास्त्राला नावं ठेवू नका," असं म्हणणाऱ्यांनीही. गेले दोन महिने मी या विषयावर जमेल तेवढं वाचतोय. डॉक्टर नाही, पत्रकारितेची पदविका घेतलेला साधा बातमीदार आहे. पण कागद वाचता येतात. आणि वाचल्यावर माझं मत असं झालंय की आपण चुकीच्या प्रश्नावर भांडतोय.

आपला प्रश्न असतो, ॲक्युपंक्चर खरं की खोटं? विचारायला पाहिजे ते असं: कुठल्या दुखण्यात, आधी काय तपासून झाल्यावर, कितव्या पायरीवर, किती वेळा, आणि फरक पडला नाही तर थांबायचं कधी? ही उत्तरं ज्या कागदावर लिहिलेली असतात त्याला वैद्यकीय भाषेत क्लिनिकल गाईडलाईन म्हणतात. मराठीत उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं म्हणा.

गाईडलाईन म्हणजे काय, साध्या भाषेत

एका आजारावर जगभर जेवढे धड अभ्यास झालेत ते सगळे गोळा करायचे. कुठला अभ्यास नीट झालाय, कुठला कच्चा आहे, ते तपासायचं. उपचाराचा फायदा किती, धोका किती, खर्च किती, हे मांडायचं. मग डॉक्टर, अभ्यासक आणि चांगल्या गाईडलाईनमध्ये रुग्णांचे प्रतिनिधीसुद्धा बसून ठरवतात: हे करा, हे करून बघायला हरकत नाही, हे करू नका. सोबत हेही लिहितात की आमची खात्री पक्की आहे की डळमळीत. शिवाय समितीत बसलेल्यांपैकी कुणाचं त्या उपचारावर पोट आहे का, तेही जाहीर करावं लागतं.

हा काही देवाचा शब्द नाही. बदलतो. आणि ॲक्युपंक्चरच्या बाबतीत तो कसा बदलला ही गोष्ट मला सगळ्यात शिकवणारी वाटली.

एकच सुई, वेगवेगळे निकाल

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी गाईडलाईन करणारी 'नाइस' नावाची संस्था आहे. २००९ साली तिनं कंबरदुखीसाठी सांगितलं, ॲक्युपंक्चरचा विचार करा. जास्तीत जास्त १० सीटिंग, १२ आठवड्यांच्या आत. सात वर्षांनी, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच संस्थेनं त्याच कंबरदुखीसाठी लिहिलं, ॲक्युपंक्चर देऊ नका.

मग नाइसनं ॲक्युपंक्चर थोतांड ठरवलं का? नाही. २०१२ च्या डोकेदुखीच्या गाईडलाईनमध्ये ताणानं होणाऱ्या जुनाट डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० सीटिंगपर्यंत विचार करा, असं आहे. मायग्रेनसाठीही आहे, पण ठरावीक दोन औषधं चालत नसतील किंवा लागू पडली नसतील तरच. २०२१ साली, दुसरा आजार सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी एकच कोर्स, तोही तज्ज्ञाचे एकूण पाच तास खर्च होतील एवढाच. आणि झिजलेल्या सांध्यांसाठी, ज्यात आपल्याकडचे बहुतेक गुडघे येतात, २०२२ ची गाईडलाईन म्हणते, देऊ नका.

आता अमेरिकेला या. तिथल्या फिजिशियन डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं २०१७ साली सांगितलं की जुनाट कंबरदुखीत पहिल्यांदा औषधं नकोत. आधी व्यायाम, ॲक्युपंक्चर, मनःशांतीचे उपाय वगैरे बघा. २०२० पासून तिथली ज्येष्ठांची सरकारी विमा योजना जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचे पैसे देते. पण कसे? ९० दिवसांत १२ सीटिंग. सुधारणा दिसली तर आणखी ८. वर्षात २० च्या वर नाही. आणि सुधारणा दिसत नसेल तर बंद. गुडघ्याबाबत तिथल्या सांधेरोगतज्ज्ञांची संघटना जपून का होईना, "चालेल" म्हणते.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर गाईडलाईन काढली. त्यातही सुईच्या उपचारांना सशर्त होकार आहे. सोबत सरळ लिहिलंय की पुराव्याची खात्री कमी आहे.

म्हणजे कंबरेला ब्रिटन नाही म्हणतं, अमेरिका हो म्हणते, जागतिक संघटना 'हो, पण' म्हणते. सामान्य माणूस म्हणेल, सगळे गोंधळलेले दिसतायत. मलाही तसंच वाटलं. पण कारण कळल्यावर गोंधळ बराच कमी झाला.

खोट्या सुईची गोष्ट

जर्मनीत एक मोठा अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण घेतले, तीन गट केले. पहिल्याला खरं ॲक्युपंक्चर, शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर, सांगितलेल्या खोलीपर्यंत. दुसऱ्याला खोटं, म्हणजे भलत्याच जागी आणि वरवर टोचलेली सुई. सुई घेणाऱ्याला आपली खरी की खोटी हे माहीत नव्हतं. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार, गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम.

सहा महिन्यांनी काय निघालं? खऱ्या सुईवाल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक. खोट्या सुईवाल्यांपैकी ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारवाल्यांपैकी २७.४ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा, मी चारदा वाचले. खरी सुई आणि खोटी सुई यांत जवळपास फरक नाही. पण दोन्ही सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा बऱ्याच पुढे.

आता तुम्ही समितीत बसलात तर काय निकाल द्याल? एक जण म्हणेल, खोट्या सुईनंही तेवढंच बरं वाटतं, म्हणजे ते बिंदू आणि त्या शरीरातल्या वाहिन्या यांत काही दम नाही. मान्य करू नका. दुसरा म्हणेल, माझ्या पेशंटला गोळीपेक्षा जास्त आराम पडतोय, धोका कमी आहे, मग कारण काहीही असो, देऊ या. जर्मनीनं दुसरं ऐकलं. २००६ सालीच तिथं ठरलं की जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी सरकारी आरोग्य विमा ॲक्युपंक्चरचे पैसे देईल. ब्रिटननं २०१६ साली पहिलं ऐकलं. पुरावे थोड्याफार फरकानं तेच, तुलना कुणाशी करायची यावर निकाल फिरला.

पुढं २०१८ साली ३९ अभ्यासांतले २०,८२७ रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला गेला. त्यात निघालं की जुनाट वेदनेत खरी सुई खोटीपेक्षा थोडी सरस आहे. शून्य फरक नाही, पण मोठाही नाही. ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांपेक्षा मात्र फरक ठळक आहे.

आणखी एक गोष्ट समित्यांच्या समोर असते. दुसरे पर्याय तरी कुठं मोठे चांगले आहेत? ज्या २०१६ च्या गाईडलाईननं ॲक्युपंक्चरला नाही म्हटलं, तिनंच कंबरदुखीला नुसती पॅरासिटामॉल देऊ नका, असंही सांगितलंय. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या की पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून सुई परीक्षेत काठावर पास होत असली तरी काही समित्या तिला वर्गात बसू देतात. बाकीची पोरंही फारशी हुशार नाहीत ना.

मामा यात कुठं बसतात?

कुठंच बसत नाहीत. हाच या सगळ्या लिहिण्यामागचा मुद्दा आहे.

वर सांगितलेल्या ज्या ज्या कागदावर कंबरदुखीला सुई चालेल असं लिहिलंय, तिथं आधी एक अट आहे. दुखण्यामागं दुसरा गंभीर आजार नाही, हे आधी बघा. टीबी नाही, कॅन्सर नाही, हाड मोडलेलं नाही, नस दबून पाय लुळा पडत नाहीये. अमेरिका असो, जर्मनी असो, जागतिक संघटना असो, हे दार ओलांडल्याशिवाय सुईचा विषयच निघत नाही. मामांच्या बाबतीत हे दार कुणी उघडूनच बघितलं नाही.

आणि इथं मी फक्त सुईवाल्याला दोष देणार नाही. आधीच्या दवाखान्यात दोन महिने गोळ्या आणि इंजेक्शन चालू होती, तिथं तर एमबीबीएसची पाटी होती. तिथंही कुणी विचारलं नाही की मामा, वजन किती होतं, किती झालं? रात्री ताप येतो का? एक साधा एक्स-रे, एक रक्ततपासणी, कुणी लिहून दिली नाही. ज्या देशात टीबी घराघरात पोहोचलेला आहे तिथं दोन महिने पाठ दुखणाऱ्या माणसाला हे प्रश्न न विचारणं म्हणजे विहिरीवर जाऊन पाणी न बघता घागर सोडणं. मग तिसरा मी. मी लिहिलं, "लाभ घेतला."

सुईनं मामांचं वाईट केलं नाही. तिनं दुखणं चार-चार दिवस झाकलं, आणि त्या झाकण्यात तीन महिने गेले. गोळीनंही तेच केलं होतं. बरं वाटणं आणि बरं होणं यांतलं अंतर तेवढ्या काळात वाढत गेलं.

कोटणीसांचं नाव घेण्याआधी

शिबिरात एक वक्ते म्हणाले होते की ही आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी आणलेली विद्या आहे. टाळ्या पडल्या. मीही ते वाक्य बातमीत घेतलं. आता तपासलं तर ते खरं नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, याचा आपल्याला अभिमान आहेच. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पण कोटणीस शल्यविशारद होते. जखमी सैनिकांवर रात्रंदिवस ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच गेले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ते परत आलेच नाहीत, विद्या कुठून आणणार? ॲक्युपंक्चर भारतात आणलं त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कोलकात्यात सुरू केलं.

ज्या माणसानं कोणत्या जखमेवर काय करायचं याची शिस्त मरेपर्यंत पाळली, त्याच्या नावावर "सर्व विकारांवर विनाऔषध उपचार" खपवणं मला बरं वाटत नाही.

आपल्याकडे कायदा आहे, पण

काही मित्रांनी मला विचारलं, "अरे, हे लोक बोगस असतील, पोलिसात का देत नाहीस?" प्रकरण एवढं सोपं नाही. ॲक्युपंक्चर आपल्याकडे बेकायदा नाही. केंद्र सरकारनं २००३ साली त्याला उपचाराचा एक प्रकार म्हणून मानलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालनं १९९६ साली कायदा केला. महाराष्ट्रानं २०१५ सालच्या नावानं ओळखला जाणारा स्वतंत्र कायदा केला, त्यातून ॲक्युपंक्चर परिषद आली, नोंदणी आली. हे चांगलंच झालं. नोंदणी असली की निदान कोण टोचतंय ते कळतं. तुम्हीही विचारा, "नोंदणी क्रमांक दाखवता का?" हा तुमचा हक्क आहे.

पण नोंदणीनं प्रश्न अर्धाच सुटतो. सुई कोणी टोचायची ते तिनं ठरतं. कधी टोचायची, किती वेळा, कुणाला टोचायचीच नाही, हे तिनं ठरत नाही. गाडी चालवायचं लायसन दिलं आणि रस्त्यावर एकही पाटी लावली नाही, तसं झालं.

आणि हे फक्त ॲक्युपंक्चरचं दुखणं नाही, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. अशक्तपणा आला की सलाईनची बाटली लावणारे दवाखाने कुठल्या गाईडलाईनवर चालतात? प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक कुणी सांगितलंय? आयसीएमआरनं २०१९ पासून डॉक्टरांसाठी आजारवार उपचाराचे एकेका पानाचे तक्ते काढायला सुरुवात केली. सोपे, भिंतीवर लावता येतील असे. तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर एखादा बघितलाय का? मी आमच्या गावात शोधतोय. कॅलेंडरं दिसली, औषध कंपन्यांची.

म्हणून माझं म्हणणं, सुईला वेगळा न्याय नको. ना जास्त कडक, ना जास्त सैल. गोळीला जी परीक्षा तीच सुईला, आणि सुईला जी तीच सलाईनला.

मग ॲक्युपंक्चरची जागा कुठली?

सगळं वाचून माझं मत बनलंय ते मांडतो. चुकत असेल तर जाणकारांनी सुधारावं.

जुनाट कंबरदुखी, जुनाट डोकेदुखी, मायग्रेन. यात बाकी तपासण्या होऊन गंभीर काही नाही हे ठरलं असेल, व्यायाम चालू असेल, गोळ्या सोसत नसतील, तर ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही. ठरावीक सीटिंग घ्या, दहाच्या आसपास. फरक नाही पडला तर नमस्कार करून बाहेर या. गुडघ्याबाबत जाणकारांतच दुमत आहे, तेव्हा खिसा बघून ठरवा आणि व्यायाम व वजन कमी करणं सोडू नका.

मधुमेह, जन्मजात बहिरेपणा, कॅन्सर सुईनं बरा होतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. आणि कुणी "माझी सुई चालू आहे तोवर शुगरची, बीपीची गोळी बंद ठेवा," असं म्हणालं तर पळत सुटा. हे वाक्य मी त्या शिबिरात एका बाईंना सांगताना ऐकलं होतं. बातमीत लिहिलं नाही. आज लिहितोय.

एक जण म्हणाले, "खोट्या सुईनंही बरं वाटत असेल तर काय बिघडलं? माणसाला आराम पडला ना." बिघडत नाही, जर त्याचा खर्च रोजंदारीवरच्या माणसाच्या खिशातून जात नसेल तर. जर्मनीत विमा भरतो. इथं मामांनी सोयाबीनच्या पैशातून भरले. खात्री कमी असलेला उपचार विकताना खात्री कमी आहे हे सांगायला लागतं. गाईडलाईन ते सांगते, हँडबिल सांगत नाही.

माझ्या मागण्या

एक. राज्याची ॲक्युपंक्चर परिषद आणि आरोग्य विभाग यांनी मिळून मराठीत एका पानाची मार्गदर्शक तत्त्वं काढावीत. कुठल्या दुखण्याला चालेल, किती सीटिंग, कुठल्या खुणा दिसल्या तर सुई न लावता आधी दवाखान्यात पाठवायचं. प्रत्येक केंद्रात दर्शनी भागात हे पान लावणं बंधनकारक करा.

दोन. दर रुग्णाला नवीन, एकदाच वापरायची, सीलबंद सुई. रुग्णासमोर फोडलेली. कावीळ बी सारखे आजार सुईतून पसरतात. छातीच्या भागात चुकीच्या खोलीवर गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. असं क्वचित होतं, पण होतं. तेव्हा शिकलेला हातच पाहिजे.

तीन. शिबिराला परवानगी देताना पत्रकात कुठले आजार लिहिलेत हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी बघावं.

चार. आम्ही पत्रकारांनी "लाभ घेतला" हे दोन शब्द आरोग्याच्या बातमीत लिहिणं बंद करावं. मी माझ्यापुरतं बंद केलंय. संपादकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाहिरात जाईल." गेली तर गेली. बातमीचं पान आणि जाहिरातीचं पान यांत एक रेघ असते, ती आम्हीच पुसली.

आणि तुमच्यासाठी

पाठ दुखतेय आणि खालीलपैकी काही असेल, तर सुई, मालिश, मणका बसवणारा, पट्टा, काही नको. आधी डॉक्टर आणि तपासणी: ताप किंवा संध्याकाळची कणकण. कारण नसताना वजन उतरणं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा जोर कमी होणं. आधी कधी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणं. पडल्यापासून सुरू झालेलं दुखणं. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात.

हे फोटो काढून घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनवर पाठवा. अंधश्रद्धा आणि विज्ञान यावरचा वाद नंतर घालू.

मामांची टीबीची औषधं सरकारी दवाखान्यातून मोफत चालू आहेत. वर्षभर तरी घ्यावी लागतील असं डॉक्टर म्हणतात. पायात थोडा जोर परत आलाय, काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. परवा गेलो होतो. ही पोस्ट लिहिणार आहे, तुमची गोष्ट सांगू का, म्हणून विचारलं. म्हणाले, "लिही की. नाव घालू नको म्हंजे झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "सुईवाला पोरगा गोड बोलायचा रे. अर्धा तास बसून ऐकायचा. डाक्टरनं तर माझ्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोट्या सुईनं बरं वाटणाऱ्या ४४ टक्क्यांमधला बराचसा भाग त्या अर्ध्या तासात असावा, असं मला वाटतं. आमच्या डॉक्टर मित्रांनी यावर विचार केला तर बरं होईल.

मी मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुझं काय चुकलं? तू छापलंस फक्त."

तेच चुकलं, मामा.

पटलं तर पुढे पाठवा. ॲक्युपंक्चर करणारे कुणी नोंदणीकृत तज्ज्ञ हे वाचत असतील तर त्यांनी जरूर लिहावं. तुम्ही सुई लावण्याआधी पेशंटला काय काय विचारता, ते सांगा. चांगलं काम करणारे आहेत हे मला माहीत आहे, त्यांची बाजूही मी याच जागी मांडीन. शिव्या नकोत, माहिती द्या.